अर्ध्या तासाची विश्रांती, मुक्काम बोरढाणा

अमरावती,
ता. ९ डिसेंबर १९५८

तीर्थस्वरूप सौ. जाईबाई हिचे सेवेशी,

धाकटा भाऊ शेषराव याचा दोन्ही हात जोडून नमस्कार. इकडे आम्ही खुशाल आहोत, तुम्हा उभयतांची खुशाली कळवत जावी, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. कळवत तर तू नाहीसच. नत्थुजींना नमस्कार सांग (जावईबुवा लिहिलं की ते रागावतात आणि नुसतं नत्थुजी लिहिलं की आई रागावते, म्हणून या कंसात दोन्ही लिहून टाकतो). त्यांचा लाकूडडेपो, त्यांची सायकल आणि त्यांचा दमा, तिघांची तब्येत कशी आहे? तुझी भावजय इंदू बरी आहे. तिचं गजराचं घड्याळ मात्र बरं नाही, त्याची हकीगत पुढे येईल. आईचे गुडघे कुरकुरतात, जीभ ठणठणीत आहे.

बाई, जुनं उकरून काढायचं नाही असं ठरवून लिहायला बसलो होतो. पण ती गोष्ट वगळून लिहिलं तर पत्रात फक्त ट्रक उरतो, म्हणून एकदाच लिहितो. चार वर्षांपूर्वी आई तुझ्याकडे आली, दोन तास बसली, आणि लेकीला मूल होईस्तोवर तिच्या घरचं पाणी तोंडी लावायचं नाही हा आपल्या घरचा रिवाज म्हणून, बरोबर नेलेल्या फिरकीच्या तांब्यातलं पाणी तुझ्याच अंगणात कडुनिंबाखाली बसून प्याली. हातात भरून आणलेला पेला तसाच घेऊन आत गेलीस, असं नत्थुजींनी मला नंतर सांगितलं. तुझ्या लग्नाला तेव्हा पाच वर्षं झाली होती, आता नऊ झाली. तेव्हापासून तू माहेरी आली नाहीस आणि आई तुझ्या गावाचं नाव काढत नाही. तुम्ही दोघी एकाच मातीच्या, त्यात माझं मडकं झालं. संपलं. आता ट्रकाचं ऐक.

तुला ठाऊक आहे, मी दोन वर्षांपासून स्वतःची गाडी चालवतो. लढाईतून निघालेली मोटार आहे, त्यामुळे तिला चढावर फार ओरडायची सवय आहे. आजवर मी तिला अकोला, खामगाव, फार तर मलकापूर एवढंच दाखवलं होतं. या दिवाळीला संत्र्यांचे व्यापारी भगवंतराव (ते जाडे, घोंगडीवर बसून भाव बोलणारे, तुझ्या लग्नात जिलबी मोजत होते तेच) म्हणाले की माझा माल इंदूरला नेशील काय. इंदूर म्हटल्यावर सगळे ट्रकवाले अकोल्यावरून बऱ्हाणपूरचा रस्ता धरतात. माझ्या डोळ्यांपुढे मात्र दुसराच रस्ता आला: परतवाडा, सेमाडोह, धारणी, आणि धारणीच्या पुढे खंडव्याच्या अंगाला, सडकेला लागून असलेलं एक गाव, ज्याचं नाव घरात कोणी काढत नाही.

मी शाळेतल्या जुन्या नकाशावर सुतळी ठेवून दोन्ही रस्ते मोजले. जंगलातला रस्ता चार बोटं कमी भरला. भगवंतरावांना सुतळी दाखवली, त्यांनी ती स्वतःच्या बोटांनी पुन्हा मोजली (त्यांची बोटं जाड, म्हणून त्यांना तीनच भरली) आणि कबूल झाले. फक्त म्हणाले, "रस्ता तुह्या पसंतीचा, थांबणं कायद्याचं. कायदा सांगन तेवढा थांब, वर एक मिनिट थांबला तर पुढचा माल दुसऱ्याले." मला वाटलं, झालं काम. चूक एवढीच झाली की नकाशा आपल्या लहानपणचा होता. त्यात अमरावती आणि तुझं सासर एकाच राज्यात होतं. छप्पन सालच्या नोव्हेंबरात वऱ्हाड मुंबई राज्यात गेलं आणि तुम्ही मध्य प्रदेशात राहिलात, हे त्या नकाशाला कोणी कळवलं नव्हतं. आईलाही ते अजून पटलेलं नाही. ती म्हणते, माही पोरगी जागची हालली नाही, मंग परराज्यात गेली कशी? याचं उत्तर मी कचेरीतही विचारून पाहिलं, तिथंही मिळालं नाही.

तर आता तुझ्या दारावरून माल न्यायचा म्हणजे दोन राज्यांचा परवाना लागतो. कोणत्या गावावरून जाणार, कुठे थांबणार, किती वेळ थांबणार, का थांबणार, सगळं अगोदर लिहून द्यायचं. लिहिल्यापेक्षा वेगळ्या रस्त्यानं गेलं की गाडी अडकली. मी रात्रभर बसून अर्ज लिहिला. सातवीची परीक्षा पास झाल्यापासून एवढं लांबलचक मी काही लिहिलं नव्हतं. त्यात मी मनापासून लिहिलं, "मी अमरावतीवरून इंदूरले संत्रे नेऊन राहिलो. रस्त्यात बहिणीच्या गावी थांबून राहिलो." आता यात चूक काय आहे, तू सांग.

कचेरीत नवे साहेब आले आहेत, पुण्याकडचे. माणूस सज्जन, आवाज हळू, चष्मा जाड. त्यांनी अर्ज दोनदा वाचला आणि विचारलं की तुम्ही इंदूरला माल नेऊन तिथे राहिलात, तर परवाना मागायला आता कसे आलात? मी म्हटलं, "राहिलो नाही साहेब, नेऊन राहिलो." ते म्हणाले, तेच विचारतोय, नेऊन किती दिवस राहिलात? मी म्हटलं, अजून गेलोच नाही. ते म्हणाले, मग बहिणीच्या गावी थांबून राहिलात ते कधी? मला घाम फुटला. आपण जे करतो आहोत ते यांना झालेलं दिसतं आणि जे झालं नाही त्याचा हे जाब विचारतात, अशी ती वेळ होती. परवान्याशिवाय परराज्यात जाऊन मुक्काम ठोकल्याचा गुन्हा मी स्वतःच्या अक्षरात लिहून दिला होता. शेवटी शेजारच्या टेबलावरचे रामराव म्हणून आपल्याकडचे एक म्हातारे कारकून उठले आणि त्यांनी साहेबांना समजावलं, "साहेब, इकडे माणूस जाऊन राहिला म्हणजे तो अजून रस्त्यातच असतो." साहेब चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले. मग म्हणाले, म्हणजे काल माझा शिपाई 'पाणी आणून राहिलो' म्हणाला आणि पाणी आलं नाही, ते यामुळे का. (पाणी मात्र रामरावांनी तेवढ्यात खरोखरच आणून दिलं.) तेव्हापासून मी शुद्ध लिहायचं पथ्य धरलं आहे. हे पत्र पुस्तकी वाटलं तर माझा मोठेपणा समजू नको, हा मार बसल्याचा वळ आहे.

साहेबांनीच मग मला कायदा समजावला. ड्रायव्हरनं सलग पाच तासांवर गाडी हाकायची नाही. पाच तास झाले की अर्धा तास विश्रांती घ्यायचीच, आणि दिवसात नऊ तासांवर हाकायची नाही. हे ऐकलं आणि बाई, मला खुर्चीवरून उठून त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. अर्धा तास. भगवंतराव ज्याला नाही म्हणू शकत नाहीत असा अर्धा तास सरकारनं माझ्यासाठी छापून ठेवला होता. आता तो नेमका तुझ्या दारात यायला हवा, एवढंच काम उरलं. बाकी पहिल्या रात्री खंडव्याला मुक्काम, दुसऱ्या दिवशी दिवस मावळायच्या आत इंदूर, हे सगळं आपोआप जुळत होतं.

जुळलं नाही ते एवढंच. खात्री करायला मी एक रिकामी फेरी मारली. इंदूचं गजराचं घड्याळ (तिच्या माहेरचं, तिच्या भावाइतकंच लाडकं) पाच तासांवर लावून सीटवर ठेवलं. रिकामी गाडी जास्त पळेल म्हणून क्लीनर श्रावणनं, तो माझ्याहून दहा वर्षांनी मोठा असल्यामुळे मी त्याचं ऐकतो, संत्र्यांच्या वजनाइतके काळे दगड गाडीत भरले. जंगलाच्या नाक्यावर शिपायानं ताडपत्री उचलली आणि विचारलं की मेळघाटात दगड घेऊन काहून चालले? मेळघाटात दुसरं आहेच काय, ही त्याची शंका रास्त होती. श्रावण म्हणाला, "आमी संत्रे नेऊन राहिलो." शिपायानं पुन्हा ताडपत्रीखाली पाहिलं. मी पुढे होऊन सगळं सांगितलं, कायदा, पाच तास, बहीण. बहिणीचं ऐकल्यावर त्यानं दोरी सोडली आणि म्हणाला, माही बी एक चांदूरला आहे.

सेमाडोहच्या घाटात घड्याळ दोन वेळा सीटखाली पडलं. शेवटी गजर झाला तो धारणीच्या अलीकडे, सागाच्या रानात, तुझ्या दारापासून बरोबर अर्ध्या तासाच्या अंतरावर. म्हणजे कायद्यानं मी तिथं उतरून, अस्वलाच्या शेजारी अर्धा तास विश्रांती घ्यायची आणि मग ताजातवाना होऊन तुझ्या दारावरून भोंगा वाजवत निघून जायचं. श्रावण म्हणाला, घड्याळ अर्धा तास मागं कर. मी केलं नाही. आजवर कागदावर जे लिहिलं तेच करत आलो म्हणून एकदाही माझी गाडी अडकली नाही, आणि तुझ्या दारात लबाडी करून उभं राहायचं नव्हतं.

गाडी विश्रांतीनंतर तशीच पुढे हद्दीपर्यंत नेली. त्यापुढे परवाना नव्हता. दोन बांबू आणि मध्ये दोरी, एवढीच हद्द आहे तिथं. दोरीपलीकडे सडक वळते आणि वळणावर तुझ्या गावची चिंच दिसते. मी दोरीला हात लावून उभा राहिलो (इथे साहेबांच्या अर्थानं उभा राहिलो, बराच वेळ). पायी गेलो असतो तर कोणी अडवलं नसतं, गाडीला परवाना लागतो, माणसाला लागत नाही. पण पाय उचलला नाही. तू पाणी दिलं असतंस, मी दोन तांबे प्यालो असतो. मला कसला रिवाज, मी भाऊ आहे. पण तू चार वर्षं ज्याची वाट पाहते आहेस ते माझं पिणं नव्हे, हे मला तिथं उभ्या उभ्या कळलं. श्रावण दगडांवर बसून बिडी ओढत होता. येताना दगड सेमाडोहला एका खचलेल्या पुलापाशी दिले, तेवढं तरी कामी आलं.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. म्हणजे तिनं विचारलं नाही, मी भिंतीला सांगितलं आणि ती तांदूळ निवडत होती. दुसऱ्या दिवशी तीच म्हणाली, भगवंतरावाले म्हनाव वलगावच्या फुडं भर माल. मी बघतच राहिलो. अमरावतीहून निघालं तर पाच तास रानात संपतात. पण आदल्या संध्याकाळी गाडी अर्धा तास पुढे वलगावच्या पलीकडच्या बागेत नेऊन ठेवली, तिथेच झोपलो, सकाळी तिथेच माल भरला आणि तिथून निघालो, तर पाच तास तुझ्या दारात संपतात. सातवी पास मी, सुतळी माझी, घड्याळ माझ्या बायकोचं, आणि गणित सोडवलं कधी शाळेचं तोंड न पाहिलेल्या गोदाबाईनं. भगवंतरावांची त्या अंगाला एक बाग आहेच. ते म्हणाले, कायद्यात बसते तर बसव.

मग राहिली ती पलीकडच्या राज्याची सही. साहेब म्हणाले होते, तिकडच्या कचेरीची काउंटर सही आणा. मी तिकडे गेलो, काउंटरपाशी उभा राहिलो आणि खिशातलं पेन काढून काउंटरवरच ठळक सही केली. माझीच. तिथल्या बाबूनं कागद उलटा-सुलटा करून पाहिला आणि विचारलं, ये आपने क्या किया? मी म्हटलं, काउंटर सही. तो इतका हसला की आतून दोन माणसं बघायला आली. ती सही त्यांनी करायची असते, म्हणे, इकडच्या साहेबांच्या सहीच्या जोडीला. नवा अर्ज लिहावा लागला. त्यात गावांची ओळ वाचून तो पुन्हा थांबला आणि म्हणाला, बुरहानपुर से सीधा रास्ता है, फिर यह टेढ़ा क्यों? मी आपल्या हिंदीत सांगितलं, "टेढ़े रस्ते पे बहन है, बाबूजी. सीधे पे कोई नहीं." तुझ्या गावाचं नाव त्यानं स्वतःच्या हातानं नीट नागरीत लिहिलं, 'विश्राम: बोरढाणा, आधा घंटा', आणि शिक्का मारला.

तो कागद आता माझ्यापुढे आहे. दोन राज्यांचे दोन शिक्के, आणि मध्ये तुझं गाव. आईला वाचून दाखवला. तिला वाचता येत नाही, पण परतवाडा, सेमाडोह, धारणी, बोरढाणा ही नावं आता तिला क्रमानं पाठ आहेत. काल दळताना पुटपुटत होती. मी दारात उभा आहे हे तिला कळलं तशी ओवी म्हणायला लागली.

तर पुढच्या गुरुवारी, अठरा तारखेला, सकाळी सहाला वलगावच्या बागेतून निघून अकराच्या सुमारास मी तुझ्या दारात उभा राहतो. काही करत बसू नको. जेवायला वेळ नाही, फक्त भेट. तुला यायचं नसलं तर घरात बस, मी अंगणात अर्धा तास गाडीला टेकून विश्रांती घेईन आणि जाईन. कायद्याला तेवढं पुरतं.

नत्थुजींना पुन्हा नमस्कार. लहानांना आशीर्वाद असं लिहायची सवय आहे, हात तिथवर गेला होता, आवरला. चुकलं असलं तर क्षमा कर.

तुझा,
शेषराव

ता. क. – एक राहिलं. गाडीत तुझ्या नावानं एक करंडी संत्री आहे. तिची रीतसर बिल्टी केली आहे, म्हणजे कोणी पाठवलं, कोणी घ्यायचं याचा कागद. माल घेणार: सौ. जाईबाई, मुक्काम बोरढाणा. तेव्हा सही करायला तू स्वतः हजर पाहिजेस. नत्थुजींची सही चालणार नाही, मी तसं मुद्दाम लिहून घेतलं आहे.

ता. क. दुसरा – बिल्टीवर 'माल पाठवणार' या जागी अंगठा आहे. मी सांगणार नव्हतो, तिनं सांगू नको म्हटलं होतं. पण तू अचानक पाहिलंस तर घरात निघून जाशील, म्हणून सांगतो. मालाच्या गाडीत माणूस बसवता येत नाही, बाईमाणूस तर नाहीच, असं मला वाटत होतं. आईनं एकदा सहज विचारलं, ट्रकात कोनीच बसू शकत नाही काय? मी साहेबांना विचारलं. ते म्हणाले, मालाचा मालक मालाबरोबर जाऊ शकतो. परसातली दोन झाडं आईची, संत्री आईची, करंडी आईची, म्हणजे मालधनी गोदाबाई. साहेबांनी विचारलं, एका करंडीसाठी मालक एवढ्या लांब जाणार? मी म्हटलं, माल नाजूक आहे. माझं खरं गाऱ्हाणं हेच की एवढा परवाना, एवढे दगड, एवढी हिंदी मी तुला भेटायला केली असं तुला वाटावं म्हणून वर चार पानं लिहिली, आणि सगळं केलं तिच्यासाठी. सोमवारी मी इंदूरहून याच रस्त्यानं परततो, तेव्हा तिला घेऊन जाईन, परतीचा शिक्काही आहे.

ता. क. तिसरा – आई शेजारी बसली आहे. म्हणाली, माह्याकडून बी लिव. मी पेन सरसावलं. ती म्हणाली, "लिव तिले, मी येऊन राहिली." मी लिहिता लिहिता थांबलो आणि विचारलं, आपल्या अर्थानं की साहेबांच्या? तिला ती साहेबांची हकीगत ठाऊक आहे, चारदा ऐकली आहे. विचार करून म्हणाली, "दोन्ही लिव. तू सोमवारी मले न्यायले येऊ नको." पत्र घडी घालायला घेतलं तेव्हा म्हणाली, "अजून लिव. घाटात मले लय तहान लागते. म्हनाव, माठ भरून ठेव."

तिचं गाठोडं मी उघडून पाहिलं. दोन लुगडी आहेत, तुझ्यासाठी खण आहे. फिरकीचा तांब्या नाही. तो तिनं घासूनपुसून कोनाड्यात पालथा घालून ठेवला आहे.